फेब्रुवारीत गावात नसलेली माणसं जनगणनेत कुठे धरतात?

बालाघाटकर

मंडळी, फार दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आहे, आज लिहूनच टाकतो.

जनगणना आता 2027 ला आहे. संदर्भाची वेळ 1 मार्च 2027, मध्यरात्रीचे 00:00. म्हणजे माणसं मोजायला प्रगणक फेब्रुवारीत दारात येणार. 2011 लाही तसंच होतं, 9 ते 28 फेब्रुवारी.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यातलं. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतं. कुणी सांगली, कुणी कोल्हापूर, कुणी पार बेळगावकडे. परत येतात ते पाडव्याच्या आगेमागे. फेब्रुवारीत गावात कोण असतं? म्हातारी माणसं, त्यांच्याजवळ ठेवलेली शाळेतली पोरं, आणि कुलपं.

2011 ला मी गावातच होतो. आमच्या आळीत बारा घरं, त्यातली आठ बंद. प्रगणक बाई भल्या होत्या, दोनदा येऊन गेल्या. पण कुलपाला काय विचारणार? पुढे गावाचा आकडा हाती आला तेव्हा तो मतदारयादीच्याच आसपास होता. मग अठराच्या आतली सगळी पोरं गेली कुठे? त्याच आकड्यावर गावाचा वित्त आयोगाचा निधी ठरला, त्यावरच आरोग्य उपकेंद्र नाकारलं गेलं. आणि मधली, 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे तो आकडा आम्ही 2011 पासून वागवतोय.

माझं म्हणणं एवढंच. लडाखमध्ये, जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या बर्फाळ भागात संदर्भाची तारीख 1 ऑक्टोबर 2026 ठेवली आहे. बर्फासाठी तारीख बदलते, तर उसासाठी का नाही?

निवांत_नदी

महत्त्वाचा विषय. रुमाल टाकून ठेवते, सावकाश वाचते.

मोजपट्टी

प्रश्न खरा आहे, पण उत्तर सोपं वाटतं. ज्याचा कायमचा पत्ता जिथे, तिथे त्याला धरा. आधारवर पत्ता असतोच. 30 लाख माणसं दारोदार पाठवायची गरजच काय?

गुरुजी_1952

बालाघाटकर, मी 1981 पासून 2001 पर्यंत तीन वेळा प्रगणक होतो आणि 2011 च्या वेळी निवृत्त व्हायला थोडे महिने उरले असताना पर्यवेक्षक. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, जनगणनेत 'कायमचा पत्ता' असा प्रकारच नाही. ना रेशनकार्ड बघायचं, ना मतदारयादी. नियम असा: माणूस नेहमी ज्या घरात राहतो तिथे तो मोजणीच्या त्या वीस दिवसांत पूर्ण काळ किंवा त्यातला काही काळ असेल, तर त्या घरात तो धरायचा, फक्त आधी दुसरीकडे मोजला गेलेला नसावा. पूर्ण काळ घराबाहेर असेल तर घरच्या यादीत त्याचं नाव घ्यायचं नाही. तो जिथे सापडेल तिथला. आणि घर म्हणजे चार भिंती नव्हेत, एक चूल. एका छताखाली दोन चुली असतील तर दोन कुटुंबं.

तेव्हा नियमानं तुमच्या गावचा ऊसतोड मजूर कारखान्याच्या तळावर, त्याच्या कोपीत, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, मोजला गेला पाहिजे. कोपीलासुद्धा क्रमांक द्यायचा असतो. जिथे चूल पेटते तिथे कुटुंब.

आता चूक कुठे होते ते सांगतो. दोन्हीकडे होते. गावात म्हातारी दारात बसलेली असते. प्रगणक विचारतो, "घरात कोण कोण?" ती मोठ्या मायेनं सांगते, थोरला, सून, धाकटा, नातवंडं. तिच्या लेखी ती सगळी घरातच आहेत. नवा प्रगणक लिहून मोकळा होतो. "दिवाळीपासून इथे जेवायला कोण कोण आहे?" असं विचारलं की खरं उत्तर येतं. मी नेहमी जेवणाचंच विचारायचो.

तळावर उलटं होतं. प्रगणक येतो सकाळी दहाला, मजुरांची टोळी उसाच्या फडात गेलेली पहाटे चारला. कोप्यांवर एखादी बाळंतीण, दोन लेकरं. शेजारच्या कोपीत किती माणसं हे तिला नेमकं ठाऊक नसतं. संध्याकाळी पुन्हा गेलं पाहिजे. काही जण जातात, काही जात नाहीत.

बालाघाटकर

गुरुजी, 'जेवायला कोण कोण' हे पटलं. म्हणजे आमचं गाव लहान दिसलं ते नियमानुसारच. पण मग ती माणसं सांगली-कोल्हापूरच्या आकड्यात गेली. निधी त्या गावाला, रस्ता आमच्या गावचा खराब. हे न्यायाचं कसं?

चाफेकळी

जरा अवांतर, पण गुरुजींनी म्हातारीचा उल्लेख केला म्हणून. माझी आई 1991 ला प्रगणक होती. तिचा सगळा भाग जुन्या वाड्यांचा. तिथल्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. एकीनं सांगितलं, "शेजारणीला विचारा." दुसरीनं चक्क उखाणा घेतला आणि आईनं तो ऐकून नाव लिहून घेतलं! आई म्हणते, तिच्या आयुष्यातली ती सर्वांत गोड सरकारी नोंद.

आणि गंमत अशी की 1948 च्या जनगणना कायद्यात याची तरतूद आहे. प्रश्नांची उत्तरं देणं बंधनकारक आहे, पण नवऱ्याचं, दिवंगत नवऱ्याचं किंवा रूढीनं ज्याचं नाव घ्यायला मनाई आहे अशा कुणाचंही नाव सांगायला कोणत्याही स्त्रीला भाग पाडता येत नाही. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना आपल्या माजघराची आठवण होती, याचं मला फार कौतुक वाटतं.

ताकभात

उखाण्याची नोंद! आता ॲपमध्ये त्यासाठी वेगळा रकाना हवा.

उत्तरवारा

@मोजपट्टी, मी गेली अकरा वर्षं डेन्मार्कमध्ये आहे. तुम्ही म्हणताय तशी जनगणना इथे होते. 1981 पासून दारावर कुणीही येत नाही. लोकसंख्येची नोंदवही, घरांची नोंदवही, नोकरीची नोंदवही एकमेकींना जोडून आकडे काढतात.

पण त्यामागे काय आहे ते बघा. घर बदललं की पाच दिवसांत कळवावं लागतं, आणि लोक कळवतात, कारण डॉक्टरपासून शाळेपर्यंत सगळं त्या पत्त्यावर चालतं. जन्म-मृत्यू नोंदीत फट नाही. आधारची गोष्ट वेगळी. ती ओळख आहे, वास्तव्याची नोंद नव्हे. धाग्यातला ऊसतोड मजूर सहा महिने सांगलीत आहे हे त्याच्या आधारला कधीच कळणार नाही. त्याच्यापर्यंत चालत जाणारा माणूसच लागेल.

मोजपट्टी

हे मान्य. आधारचा मुद्दा मागे घेतो.

आकडेवाली

मी संख्याशास्त्र शिकवते. दोन गोष्टी सांगते.

एक, जनगणनेत किती माणसं सुटतात हे खुद्द महानिबंधक व जनगणना आयुक्तांचं कार्यालयच तपासतं आणि छापतं. मोजणी झाल्यावर निवडक गटांत दुसऱ्यांदा, स्वतंत्रपणे मोजणी करतात आणि दोन्ही याद्या नावानिशी ताडून बघतात. 2011 मध्ये निव्वळ सुटलेल्यांचं प्रमाण दर हजारी सुमारे 23 निघालं. 121 कोटींवर हिशेब केला तर पावणेतीन कोटींच्या घरात जातं. हा आकडा मूळ लोकसंख्येत मिळवत नाहीत, फक्त जाहीर करतात. आपली चूक स्वतः मोजून लोकांपुढे ठेवणारं खातं म्हणून मला या कार्यालयाबद्दल आदर आहे.

दोन, बालाघाटकरांच्या पोरांच्या प्रश्नाबद्दल. अगदी लहान मुलं जगभरच्या जनगणनांमध्ये सुटतात. "घरात किती माणसं?" असं विचारलं की लोक तान्ह्या बाळाला माणसांत धरत नाहीत. त्यात आईवडील तळावर आणि लेकरं कधी इथे, कधी तिथे असतील तर ती निसटण्याची शक्यता आणखी वाढते. मतदारयादीशी तुलना मात्र जपून करा. यादीत गाव सोडून गेलेल्यांची आणि कधी वारलेल्यांचीही नावं राहून जातात.

कडुलिंब

वयाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? जनगणनेच्या तक्त्यात 40, 45, 50, 60 या वयांची माणसं भरमसाट आणि 41, 49, 59 ची अगदी मोजकी दिसतात. आमच्या आजीचं वय तर मला आठवतंय तेव्हापासून 'साठ असंल बघ' हेच होतं.

गुरुजी_1952

@कडुलिंब, त्यासाठीच आम्हाला घटनांची यादी दिलेली असायची. "आजी, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला जात होता का?" "व्हय, पोटुशी होते." "कितवं पोर?" झालं, वय निघालं. कराड-पाटणकडे कोयनेचा भूकंप चालायचा, 1967 चा. पुण्यात पानशेत, 1961. बायका वय विसरतात, पण कोणतं पोर कोणत्या संकटात पोटात होतं ते विसरत नाहीत.

खानदेशी_ठेचा

वयासारखीच गोष्ट भाषेची. आमच्याकडे प्रगणकानं "मातृभाषा?" विचारल्यावर वडील म्हणाले "अहिराणी". तो म्हणाला, "म्हणजे मराठीच ना?" आणि मराठी लिहायला लागला. वडिलांनी कागदावर हात ठेवला. नियम असा की माणूस जे सांगेल तेच लिहायचं. वर्गीकरण पुढे कार्यालयात होतं. 2011 ला लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं होती 19,569. ती छाननी करून 1369 मातृभाषांवर आणली आणि मग 121 भाषांत बसवली. आपलं सांगणं मुळात कागदावर आलंच नाही, तर पुढच्या छाननीत ते येणार कुठून?

ताकभात

2027 ला जातीचंही असंच होणार. 1931 नंतर पहिल्यांदा सगळ्यांच्या जाती जनगणनेत विचारणार आहेत. 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत म्हणे 46 लाखांवर नावं आली होती. तेव्हा...

निवांत_नदी

ताकभात, त्यासाठी वेगळा धागा काढू या का? तो विषय इथे आला की मूळ प्रश्न वाहून जाईल.

मी वाचत असताना एक शंका आली. पूर्वी एकाच रात्रीत सगळा देश मोजायचे असं आजोबा सांगायचे. ते खरं का?

जुना_दप्तरदार

खरं आहे. मोजणीची परंपरा तशी जुनी, पेशवाईच्या कागदांत 'खानेसुमारी' भेटते. ब्रिटिश काळात 1872 ला पहिली अखिल भारतीय मोजणी झाली, पण ती सगळीकडे एकाच वेळी नव्हती. एकाच वेळची पहिली 1881 ची. तिथून 1931 पर्यंत रात्र ठरलेली असायची. आधी कच्च्या याद्या करून ठेवायच्या आणि त्या रात्री प्रगणकांनी आपापल्या भागात फिरून कोण आहे, कोण नाही ते पक्कं करायचं. 1941 पासून ही एका रात्रीची पद्धत सोडली आणि मोजणी काही दिवस चालू लागली.

त्या रात्रीचं एक रूप मात्र अजून टिकून आहे. बेघर माणसं एकाच रात्री मोजतात. 2011 ला 28 फेब्रुवारीची रात्र होती. पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या पायरीवर झोपलेल्यांना उजाडायच्या आत मोजायचं, कारण सकाळी ती माणसं पांगतात.

गुरुजी_1952

त्या रात्री मी एसटी स्टँडवर दोन प्रगणकांबरोबर होतो. एक भांडी विकणारं कुटुंब होतं, सहा जण. बाई उठून बसली आणि म्हणाली, "आमचं बी नाव लिवता का?" तिनं स्वतःहून झोपलेल्या पोरांच्या तोंडावरची गोधडी बाजूला करून एकेकाचं नाव सांगितलं. सर्वांत धाकट्याचं अजून ठेवलं नव्हतं. 'नाव ठेवलेलं नाही, मुलगा' असं लिहिलं. तेही चालतं.

आणि 1 ते 5 मार्चला आम्ही पुन्हा घरोघर गेलो. 28 च्या मध्यरात्रीपर्यंत जन्मलेलं बाळ वाढवायचं, तोवर वारलेल्याचं नाव कमी करायचं. माझ्या भागात एका घरात दोन्ही झालं. आजोबा 26 ला गेले, नात 28 ला संध्याकाळी झाली. कुटुंबाची संख्या होती तेवढीच राहिली. तो कागद दुरुस्त करताना प्रगणकाचा हात थांबला होता, मलाही काही बोलता आलं नाही.

रानफूल

बालाघाटकर, तुमच्याच जिल्ह्याची एक गोष्ट. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागे 807 मुली निघाल्या. 2001 ला 894 होत्या. त्या एका आकड्यानं राज्य हादरलं होतं. मी तेव्हा बीडमध्ये आरोग्याच्या कामात होते. त्याआधी गर्भलिंग निदानाबद्दल बोलायला गेलं की "आमच्याकडे तसलं काही नाही" असं उत्तर मिळायचं. आकडा आल्यावर कुणाला तसं म्हणता येईना. पुढच्या धाडी, खटले, जनजागृती यांना त्या आकड्याचा आधार मिळाला.

ती मोजणी फेब्रुवारीतलीच होती, अर्धा जिल्हा बाहेर असताना. म्हणून तुमचा प्रश्न मला दुप्पट महत्त्वाचा वाटतो. बाहेर असलेल्या लेकरांमध्ये मुली किती आणि मुलगे किती, हे तळावरच्या नोंदीवर अवलंबून आहे.

उसाचा_मळा

उशिरा येतोय. मी सांगली जिल्ह्यातला शिक्षक. 2011 ला मला मिळालेल्या प्रगणक गटात एका कारखान्याचा तळ होता. नजरी नकाशा काढताना तिथे मोकळं रान होतं, कारण 2010 च्या उन्हाळ्यात घरयादी झाली तेव्हा टोळ्या गावी गेलेल्या. फेब्रुवारीत गेलो तर शंभरावर कोप्या! नेमून दिलेल्या कुटुंबांच्या जवळपास दुप्पट काम. मी पर्यवेक्षकांना सांगितलं, त्यांनी तहसीलमधून आणखी एक माणूस मिळवून दिला. तो मिळाला नसता तर काय झालं असतं, ते उघड आहे.

आम्ही दोघं संध्याकाळी सहानंतर जायचो. चुली पेटलेल्या, त्यामुळे कुटुंबं मोजायला सोपं. नवरा-बायको म्हणजे एक कोयता, तो हिशेब त्यांच्या तोंडी. "किती माणसं?" विचारलं की "एक कोयता" म्हणायचे. "आणि लेकरं?" विचारल्यावर मग पाळण्यातलं, वासरांजवळ खेळणारं, असं एकेक बाहेर यायचं. आकडेवालींनी लिहिलंय ते अगदी खरं.

सगळ्यात मोठी मदत झाली मुकादमाची. त्याच्या वहीत टोळीतला प्रत्येक कोयता, गाव, उचल, सगळं लिहिलेलं. ती वही बघून माणसं लिहायची नाहीत, माणसं प्रत्यक्ष विचारूनच लिहायची. पण आपण मोजलेल्या कोप्या आणि वहीतले कोयते जुळले नाहीत की समजायचं, कुणीतरी राहिलंय. आम्हाला अशा सात कोप्या सापडल्या, ओढ्याच्या पलीकडे.

आता तारखेबद्दल. बालाघाटकर, तुमचं दुःख कळतं, पण मला ऑक्टोबरची मागणी पटत नाही. बर्फाळ भागात सगळ्या मुलखालाच एक तारीख देता येते. ऊसतोडीत निघणारं गाव बीडमध्ये आणि पोचणारं सांगलीत. बीडची तारीख 1 ऑक्टोबर केली, तर तीच माणसं फेब्रुवारीत माझ्या गटात पुन्हा हजर. प्रत्येकाला "ऑक्टोबरात गावी तुम्हाला मोजलं का?" विचारायचं. अर्धे हो म्हणतील, अर्ध्यांना आठवणार नाही.

बालाघाटकर

उसाचा_मळा, तुमची पोस्ट तीनदा वाचली. त्या शंभर कोप्यांत आमच्या गावची माणसं असतीलही. संध्याकाळी सहानंतर गेलात, ओढ्यापलीकडे गेलात, याबद्दल मनापासून आभार.

तारखेचा आग्रह सोडतो. दोन तारखांमुळे दोनदा मोजणी होईल हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण निधीचा माझा मुद्दा तसाच उभा आहे. माणूस जिथे मोजला गेला तिथला, हे ठीक. पण सहा महिने तो आमच्याच गावचं पाणी, रस्ता, दवाखाना वापरतो. लोकसंख्येवर पैसे वाटणाऱ्यांनी हंगामी स्थलांतराचा वेगळा विचार करायला हवा. तो दोष मोजणाऱ्यांचा नाही, वाटणाऱ्यांचा आहे, एवढं मला या धाग्यातून कळलं.

आकडेवाली

अगदी बरोबर. आणि त्यासाठी आधार जनगणनेतच मिळू शकतो. 2011 च्या कुटुंब पत्रकातल्या 29 प्रश्नांत जन्माचं ठिकाण, आधीचं राहण्याचं ठिकाण, तिथून येण्याचं कारण आणि इथे येऊन किती काळ झाला, हे सगळं होतं. तळावर हे रकाने नीट भरले गेले तर कोणत्या जिल्ह्यातून किती माणसं काही महिन्यांपुरती कामासाठी आली आहेत, ते दिसतं. कोपीतल्या माणसाच्या "आधीचं ठिकाण" या उत्तरात तुमचं गाव दडलेलं असतं. ते लिहून घ्यायला लावा.

मोजपट्टी

यावेळी ॲपवर नोंद आहे आणि स्वतः ऑनलाइन माहिती भरायचीही सोय आहे. तळावरच्या तरुण पोरांकडे फोन असतातच. त्यांनी स्वतः भरली तर?

उसाचा_मळा

भरावीच. पण प्रगणकाला येऊन ती पक्की करावी लागेलच. आणि पहाटे चारला उठणारी बाई रात्री फोनवर पत्रक भरत बसेल, या भरवशावर राहू नये.

चाफेकळी

एक विचारते. तळावरची माणसं माहिती द्यायला घाबरत नाहीत? आपलं नाव लिहून घेतलं की गावचं रेशन बंद होईल, मतदान जाईल, असं?

गुरुजी_1952

घाबरतात, फार घाबरतात. त्यांना मी एकच गोष्ट सांगायचो. जनगणना कायद्याच्या कलम 15 प्रमाणे हे कागद कुणाला बघता येत नाहीत आणि पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. तलाठ्यालाही नाही, पोलिसालाही नाही. इथे मोजलं म्हणून गावचं रेशनकार्ड किंवा मत जात नाही. हे गावातून निघायच्या आधीच त्यांच्या कानावर घातलं पाहिजे. तळावर अनोळखी माणूस सांगतो त्यापेक्षा गावचा शिक्षक सांगेल ते पटतं.

बालाघाटकर

गुरुजी, मग हे करतो. पुढच्या दसऱ्याला टोळ्या निघायच्या आत गावात बैठक घेऊ. कलम 15 चं समजावून सांगू. कोणतं कुटुंब कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या तालुक्यात जाणार, तान्ही लेकरं किती, याची यादी शाळेत करू. फेब्रुवारी लागला की प्रत्येक टोळीला फोन, "तुमच्याकडे माणूस आला का?" नसेल आला तर तिथल्या तहसील कार्यालयाला कळवू. आमच्या जुन्या बाई निवृत्त झाल्यात, पण यादीसाठी त्या येणार म्हणाल्या, आत्ताच फोन केला.

उसाचा_मळा, तुमच्या भागातल्या प्रगणकांना ओढ्यापलीकडचं तेवढं सांगून ठेवाल का?

उसाचा_मळा

सांगतो. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशीच सांगतो. तुमची यादी झाली की मला संदेश करा. आमच्याकडे कोणत्या टोळ्या आल्या ते पाहून मी स्वतः तळावर जाऊन येईन, संध्याकाळी सहानंतर.